घरात शहाणं, क्लबात उनाड: ०-६-० इंजिन नेमकं कुठे अडतंय?

मालडबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मॉडेल रेल्वेचा छंद आहे. आजवर खोक्यातून काढलेली तयार इंजिनं पळवली, या वेळी पहिल्यांदा हात काळे केले. एचिंग केलेल्या (आम्लाने कोरलेल्या) पितळी पत्र्यांचा किट, एचओ स्केल (खऱ्याच्या १/८७), ०-६-० म्हणजे सहाच चाकांचं टँक इंजिन. सात महिने गेले, त्यातले दोन तर कुठला पत्रा कुठल्या बाजूला दुमडायचा हे उमगण्यातच.

घरी ते गुणी बाळ आहे. टेबलावर अंडाकृती रूळ, जुना डीसी कंट्रोलर. तासतासभर फिरतं, कुरकुर नाही. क्लबात नेलं की अंगात येतं. आमची चौदा मॉड्यूलं (रूळ बसवलेल्या सुट्या फळ्या) जोडून मोठा फेरा होतो, सगळं डीसीसीवर, म्हणजे रुळांतून डिजिटल हुकूम देऊन. पाच, सहा आणि नऊ नंबरच्या मॉड्यूलवरच्या सांध्यांवर (रूळ दोन वाटांना फुटतो तिथे) इंजिन गेलं रे गेलं की बूस्टर, म्हणजे रुळांना वीज देणारा डबा, ट्रिप होतो. अख्खा लेआउट मरतो आणि बाकीचे दहा जण माझ्याकडे बघतात. नऊवर तर मागचं चाक क्रॉसिंगवर (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे) चढून खाली उतरतं. वर सहा आणि सातच्या जोडावर उचकी लागल्यासारखं थांबत थांबत जातं.

तयार इंजिनं त्याच सांध्यांवरून बिनबोभाट जातात. म्हणजे दोष माझाच असणार, पण कुठे? इंजिन उघडायच्या आधी विचारतोय, कारण रंग लावून झालाय.

सांधेवाला

पाच, सहा आणि नऊ ही माझी मॉड्यूलं, हे धागाकर्त्याने मोठ्या मनाने लिहिलेलं नाही. मी लिहितो. सांधे हाताने बनवलेत, स्लीपरला रूळ सोल्डर करून. तीन वर्षं त्यावरून सगळ्यांच्या गाड्या जातायत. तक्रार पहिलीच आहे.

पितळी

मालडबा, आधी शाबासकी. पहिलं पितळी इंजिन घरी तरी चाललं, हेच पुष्कळ. माझं पहिलं घरीसुद्धा चाललं नव्हतं.

आता कामाचं. तुमच्याकडे तीन वेगळे आजार आहेत, त्यांना एकच औषध शोधू नका. वीज तुटणं, शॉर्ट होणं आणि चाक चढणं. आधी यांत्रिक भाग वेगळा काढा. वर्म गिअर असल्याने इंजिन असं ढकलता येणार नाही, तेव्हा मोटर वर्मसकट बाहेर काढा. मग चाकं मोकळी फिरतील. वीज बंद करून इंजिन नऊ नंबरच्या सांध्यावरून एका बोटाने हळूहळू ढकला, दोन्ही दिशांनी, दोन्ही मार्गांवर. डोळे मिटून ढकला म्हणतो मी. बोटाला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही.

रंगाचं वाईट वाटून घेऊ नका. इंजिन उघडावं लागणारच आहे.

रात्रपाळी

घरी डीसी आणि क्लबात डीसीसी हा फरक कमी समजू नका. डीसीवर क्षणभर शॉर्ट झालं तर इंजिनाला बारीक हिसका बसतो, वेगात असेल तर तोही कळत नाही. डीसीसीचा बूस्टर मात्र काही मिलिसेकंदांत वीज तोडतो. तोडायलाच हवी, कारण तिथे अँपिअर जास्त असतात आणि अडकलेलं चाक सांध्यात वितळलेलं मी पाहिलंय. म्हणजे हा शॉर्ट घरीही होत असेल, फक्त तिथे चुगली करणारं कुणी नाही.

प्रश्न: घरच्या रुळावर सांधा आहे का?

मालडबा

नाही. अख्खा फेरा विनासांध्याचा. आता लिहिताना माझी मलाच लाज वाटली.

तिसरीघंटा

अजून एक विचारतो. घरी ते कुरकुर न करता चाललं ते कुठल्या वेगाला? बहुतेक जण नवीन इंजिन सुसाट सोडून खूश होतात. ताशी ६० किमी म्हणजे १:८७ मध्ये सेकंदाला साधारण १९ सेंमी, मीटरभर रूळ कापायला पाच सेकंद. शंटिंगचा ताशी १० किमी धरलात तर त्याच मीटरला अर्धं मिनिट लागायला हवं. घड्याळ लावून बघा. त्या वेगाला इंजिन लंगडतंय का, चाकाच्या दर फेऱ्याला एकदा अडतंय का, ते सांगा.

गिअरचं गणितही याच्याशी जुळलेलं आहे. दीड मीटर व्यासाचं चाक १:८७ मध्ये १७ मिमीच्या आसपास. ६० च्या वेगाला ते मिनिटाला २१२ फेरे घेतं. ४०:१ गिअरबॉक्स असेल तर मोटर साडेआठ हजारांवर फिरतेय. म्हणजे टँक इंजिनाला ४०:१ बरोबर आहे, त्याहून कमी असेल तर हळू चालवताना रडेल.

नवाप्रवासी

मध्येच घुसतोय, माफ करा. मी अजून काहीच घेतलेलं नाही. एचओ, ओओ, एन यातलं काय घ्यावं? आणि एचओ आणि ओओचे रूळ सारखेच असतात असं वाचलं, मग ती दोन का?

तिसरीघंटा

धागा भरकटण्याआधी आटोपतो. एचओ १:८७, ओओ १:७६, दोघांचे रूळ १६.५ मिमी. एन म्हणजे ९ मिमी रूळ, स्केल १:१६० (ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये १:१५०). ओओ ही तडजोड आहे. ब्रिटिश इंजिनांचं अंग बारीक, त्या काळच्या मोटरी जाडजूड, एचओच्या मापात बसेनात. मग रूळ तेवढेच ठेवून वरचं अंग मोठं केलं. त्यामुळे १४३५ मिमीचा खरा रूळ ओओमध्ये १२५७ मिमीचा असल्यासारखा दिसतो, समोरून पाहिलं तर इंजिन पाय जवळ घेऊन उभं आहे असं वाटतं. ज्यांना ते सहन होत नाही ते १८.२ मिमीच्या ईएम किंवा १८.८३ च्या पी-फोरकडे जातात आणि मग सांधे, चाकं, सगळं स्वतः करत बसतात.

१६७६ मिमीची ब्रॉडगेज करायची असेल तर एचओमध्ये १९.२६ मिमी येतं, जे कुणी तयार विकत नाही. उलट हिशोब केला तर १६.५ चा रूळ ब्रॉडगेजला १:१०१.६ पडतो. १:१०० धरून वरचं अंग स्वतः बनवणारे शहाणे आहेत असं माझं मत.

काय घ्यावं? जवळच्या क्लबात जे चालतं ते. नाहीतर एकटेच फिरवत बसाल.

नवाप्रवासी

धन्यवाद! वाचनखूण साठवली. एकच शंका, माझ्याकडे जागा म्हणजे एक फळी.

खडीवाली

फळी पुरते. इंगलनूक बघा, शंटिंगचं कोडं असलेला छोटा लेआउट. दोन सांधे, तीन सायडिंग, एकात पाच वाघिणी मावतात आणि दोनांत तीन-तीन. आठ वाघिणी ठेवायच्या आणि चिठ्ठ्या काढून आलेल्या क्रमाने पाच जोडायच्या. ॲलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाची कल्पना. आठातून पाच क्रमाने निवडायच्या म्हणजे ६७२० वेगवेगळे डाव होतात. कंटाळा यायला बराच वेळ लागेल. माझा इंगलनूक कपाटावर मावतो आणि मोठ्या लेआउटपेक्षा जास्त वेळा खाली उतरतो.

मालडबा

पितळीकाका, मोटर काढली. डोळे मिटूनच ढकललं. (घरच्यांनी विचारलं, देवाला काही मागतोयस का?)

घरात सांधा नाही म्हणून मॉड्यूल नऊ गाडीत घालून घरी आणलं, सांधेवाल्याच्या परवानगीने. पुढचं आणि मधलं चाक काहीच बोलत नाही. मागचं चाक क्रॉसिंगजवळ आलं की बोटाला 'टक' असं लागतं आणि इंजिनाचा मागचा भाग केसभर वर उचलला जातो. पुढे ढकललं तर चढून उतरतो, मागे ओढलं तर बरेचदा सरळ जातो.

तिसरीघंटा, मोटर परत बसवून वेळही मोजली. मीटरला अर्धं मिनिट जमलं नाही, चौदा सेकंदांपेक्षा हळू गेलो की थांबतं. आणि हो, लंगडतंय. दर फेऱ्याला एक बारीक ठेच.

पितळी

ठेच आणि टक एकाच घरातले निघतील बघा.

वर्निअर आहे का? आतल्या जबड्यांनी एकाच आसावरच्या दोन चाकांच्या पाठी-पाठींमधलं (आतल्या बाजूंमधलं) अंतर मोजा. एका जागी मोजून थांबू नका. आस फिरवत तीन ठिकाणी, कारण चाक वाकडं बसलं असेल तर एका जागी बरोबर आणि दुसरीकडे चूक येतं. एचओमध्ये ते १४.४ च्या आसपास यायला हवं. तिन्ही आसांचे नऊ आकडे इथे लिहा. गोल करून लिहू नका.

मालडबा

पुढची आस: १४.४०, १४.४२, १४.४०.
मधली: १४.३८, १४.४०, १४.३९.
मागची: १३.९५, १४.१२, १४.०२.

सांधेवाला

हं.

पितळी

सांधेवाले, तुमचा तो 'हं' मला इथपर्यंत ऐकू आला. पण आता समजावूनही तुम्हीच सांगा. सांधे तुमचे आहेत.

सांधेवाला

सांगतो.

सांध्यात चाक दोन ठिकाणी परीक्षेला बसतं. पहिलं ठिकाण म्हणजे पाती, सांध्याचे हलणारे टोकदार रूळ. माझ्या सांध्यांत दोन्ही पाती आणि क्रॉसिंगचं नाक (फ्रॉग) विजेने एकच आहेत, म्हणजे लाइव्ह फ्रॉग. फायदा असा की चाक कुठेही बिनविजेच्या तुकड्यावर येत नाही, छोटं इंजिनही मुंगीच्या पावलाने जातं. तोटा असा की जे पातं उघडं आहे त्याची वीज शेजारच्या मुख्य रुळाच्या उलट असते. मुख्य रुळावरून जाणारं चाक पाठीने त्या उघड्या पात्याला घासलं की शॉर्ट. पाठी जितक्या जवळ, तितकं घासायची शक्यता जास्त. मी फट शिस्तीत ठेवलीय, १४.४ चं चाक तिथे लागत नाही. १३.९५ चं लागतं.

दुसरं ठिकाण क्रॉसिंग. एका बाजूला चेक रेल (मुख्य रुळालगत आतून लावलेला, चाकाला वळण लावणारा रूळ), दुसऱ्या बाजूला नाकाशेजारची विंग रेल. चाकांच्या पाठी या दोन्हींच्या बाहेरून जायच्या असतात. पाठी-पाठींचं अंतर त्या दोन रुळांच्या बाहेरच्या मापापेक्षा कमी पडलं तर जोडी आवळते आणि आवळली की वर चढते. तोच तुझा टक. एक दिशा बरी आणि दुसरी वाईट का? तर चाक वाकडं आहे, ते कुठल्या कोनात क्रॉसिंगला येतं यावर ठरतं. कधी १४.१२ येतं तेव्हा निसटतं, कधी १३.९५ तेव्हा चढतं.

उलट्या बाजूची चूकही असते. अंतर जास्त झालं तर चेक रेल चाकाला पुरेसं आत ओढून धरत नाही आणि फ्लँज (चाकाची उंच कड) नाकाच्या टोकावर आदळतो किंवा भलत्या बाजूला शिरतो. म्हणजे 'थोडं जास्त बरं' असंही नाही.

तयार इंजिनं का जातात याचं उत्तर यातच आहे. त्यांची चाकं कारखान्यात मापाला बसवलेली असतात. बरेचदा.

रात्रपाळी

सविस्तर प्रतिसाद आवडला. फक्त 'तीन वर्षांत तक्रार नाही' हा पुरावा पटला नाही. पात्यांना वेगळी वीज देऊन, म्हणजे प्रत्येक पातं शेजारच्या मुख्य रुळाच्याच विजेवर ठेवून, फक्त फ्रॉग स्विचने बदलला असता तर चाक घासूनही शॉर्ट झाला नसता. क्लबाच्या लेआउटवर पाहुण्यांची इंजिनं येतात. सगळ्यांची मापं तुम्ही थोडीच तपासणार?

सांधेवाला

तपासतो. दारातच गेज ठेवलंय. धागाकर्त्याने ते वापरलं नाही. :)

पण मुद्दा बरोबर आहे. नवीन सांधे तसेच करतोय. जुने उकलून करण्याइतका उत्साह नाही.

खडीवाली

सांध्यांचा विषय निघालाच आहे तर माझं पाप कबूल करते. मी क्लबात खडी टाकायचं काम करते. बारीक खडी ब्रशने स्लीपरमध्ये बसवायची, पाण्याचा फवारा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब म्हणजे पाणी थेंब धरून न बसता आत झिरपतं, मग पातळ केलेला पांढरा गोंद ड्रॉपरने. साध्या रुळावर डोळे झाकून करते. एकदा घाईत सांध्यावरही तसंच केलं. सकाळी पाती मुख्य रुळाला चिकटलेली आणि गोंद खालच्या रॉडपर्यंत उतरलेला. सांधा खणून काढावा लागला. तेव्हापासून पात्यांच्या भागात खडी कोरडी ठेवते, स्लीपरच्या वर येऊ देत नाही, आणि गोंद लावायच्या आधी पात्यांखाली तेलाचा बारीक थेंब. वाळत असताना दर दहा मिनिटांनी सांधा इकडून तिकडे करत बसायचं. ते सोडून दुसरं काम करायला गेलात की संपलं.

मालडबा

आता माझी कबुली.

मागची आस मी तीनदा काढून बसवलीय. जोडदांड्या लावल्या की इंजिन अडायचं. सूचनापत्रात लिहिलं होतं की अडलं तर दांडीचं भोक ब्रोचने (भोक रुंद करायच्या निमुळत्या हत्याराने) थोडं मोठं करा. मी केलं. परत अडलं, परत केलं. मग वाटलं क्वार्टरिंग चुकलं असेल, म्हणून चाक ओढून काढलं आणि नजरेने बसवलं. तिसऱ्या वेळी चाक आसावर सैल लागत होतं. मी म्हटलं, चला, निदान सहज तरी बसलं.

पितळी

ही गोष्ट इतक्यांनी इतक्यांदा केलीय की तुम्हाला रागवायचा हक्क कुणालाच नाही.

क्वार्टरिंग म्हणजे डाव्या बाजूची क्रँकपिन (चाकावरची, दांडी अडकवायची खुंटी) उजवीच्या ९० अंश पुढे किंवा मागे असणं. नवशिक्यांना वाटतं नेमके ९० हवेत. ८९ असले तरी इंजिनाचं काही बिघडत नाही. तिन्ही आसांवर मात्र तेच ८९ हवेत. एकीवर ९० आणि दुसरीवर ८७ असले की दांड्या भांडतात. तसंच दांडीच्या भोकांतलं अंतर फ्रेममधल्या आसांच्या अंतराएवढं हवं. ते चुकलेलं असताना भोकं मोठी करत गेलं की इंजिन फिरतं खरं, पण भोकातल्या ढिलाईमुळे प्रत्येक फेऱ्याला ठेच लागते. तुमची ठेच तीच.

मी असं करतो. फ्रेम जोडतानाच दांड्यांना जिग बनवतो, म्हणजे आसांची बेअरिंगं दांड्यांच्या भोकांवरून जागेला धरायची आणि मगच सोल्डर करायची. तुमची फ्रेम आता झालीय, तेव्हा नव्या दांड्या करा. दोन पत्रे एकमेकांना सोल्डरने चिकटवून एकाच वेळी कापले आणि भोकं पाडली की डावी-उजवी जुळी निघतात. मग तापवून सुटी करायची.

चाक सैल झालंय ते आता नुसतं दाबून टिकणार नाही. क्वार्टरिंग जिगमध्ये बसवा, १४.४ चा ठोकळा मध्ये धरा, आसाच्या टोकाला रिटेनिंग कंपाउंडचा (धातूचे भाग पक्के धरणाऱ्या चिकटद्रव्याचा) कण टोचणीने लावा आणि रात्रभर हात लावू नका. एक बाजू दांड्या लावून फिरवून बघा, मग ती काढून दुसरी बाजू, मग दोन्ही. अडलं तर कुठल्या जोडीत अडतं ते आधी शोधा. ब्रोच खणात कुलूप लावून ठेवा.

आणि सोल्डर करताना ॲसिडवाला फ्लक्स वापरला असेल तर प्रत्येक बैठकीनंतर धुतला होता ना? नाहीतर सहा महिन्यांनी रंगाखालून हिरवं फुटतं.

मालडबा

धुतला होता. तेवढी एक गोष्ट बरोबर केली. वजन म्हणून टाक्यांत शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात कालवून भरलेत, ते चालेल ना?

पितळी

नाही!! आजच काढा.

शिसं आणि पांढरा गोंद यांचं जमत नाही. गोंदातून सुटणारं ॲसिटिक आम्ल शिशाला खातं, त्याचं कार्बोनेट होतं आणि ते फुगतं. वर्ष-दोन वर्षांत टाकी आतून बटाट्यासारखी गोल होते, शिवणी उकलतात. माझा एक टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) असा फुटला, सोल्डरसकट. छर्रे हवे तर इपॉक्सीत बसवा.

तिसरीघंटा

+१. जस्ताच्या ओतीव चौकटीही अशाच वर्षांनी तडकतात, मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली असली की. तिथे तर इलाजच नाही. जुनी इंजिनं घेताना चौकट आधी बघावी, रंग नंतर.

मालडबा

तीन आठवड्यांनी लिहितोय.

छर्रे निघाले. अर्धे टोकरून आणि अर्धे शिव्या देऊन. नव्या दांड्या केल्या. पहिली जोडी कापताना करवतीचं पातं पाच वेळा तुटलं, दुसरी नीट झाली. चाक बसवलं. मागची आस आता १४.४०, १४.४१, १४.४०. मीटरभर रूळ एकतीस सेकंदांत, ठेच गायब. त्या एकतीस सेकंदांत मी श्वास घेतला नसावा.

काल क्लबात पाच, सहा आणि नऊ तिन्हींवरून गेलं, दोन्ही मार्गांनी, पुढे-मागे. बूस्टर गप्प. सांधेवाला शेजारी उभा होता, काही बोलला नाही, चहूबाजूंनी बोलला.

पण सहा-सातच्या जोडावरची उचकी तशीच आहे. तिथे सांधाच नाही.

रात्रपाळी

आता माझं खातं. सहा नंबरच्या टोकाचा शेवटचा रूळतुकडा आहे ना, त्याला स्वतःची वायर आहे, की वीज फिशप्लेटमधून (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीतून) येते?

सांधेवाला

मीटरने मोजलंय. तिथे पूर्ण व्होल्टेज येतं.

रात्रपाळी

मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. काळ्या पडलेल्या फिशप्लेटच्या एका कणातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. इंजिन अर्धा अँपिअर मागतं तेव्हा खरं बाहेर येतं. १२ व्होल्टचा गाडीचा दिवा घ्या, त्या तुकड्यावर टेकवा आणि दिवा लागलेला असताना मोजा. साधा मीटर डीसीसीवर नेमका आकडा देत नाही, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो.

नाण्याची परीक्षाही करा. प्रत्येक मॉड्यूलच्या दोन्ही टोकांना रुळांवर नाणं आडवं टाका. बूस्टर ताबडतोब ट्रिप झाला पाहिजे. झाला नाही, तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे, आणि खरा शॉर्ट झाला की तिथेच काहीतरी तापत बसेल.

मालडबा

दिवा लावून मोजलं. मॉड्यूल सातवर १३.८. सहाच्या शेवटच्या तुकड्यावर दिव्याविना १३.९, दिव्यासकट ८.६. नाणं टाकलं तर बूस्टर ट्रिपच झाला नाही.

सहा नंबर कुणाचं आहे हे मी मोठ्या मनाने लिहीत नाही.

सांधेवाला

ठीक आहे, ठीक आहे. तो तुकडा नंतर जोडला होता. टोक चिरलं म्हणून आठ सेंमीचा बदलला आणि 'फिशप्लेट आहे की' म्हणून वायर दिली नाही. तयार इंजिनं आठ चाकांनी वीज उचलतात आणि पोटात क्षणभराची वीज साठवणारा कपॅसिटर बाळगतात, म्हणून ओलांडून जात होती. तुझं सहा चाकांचं, लहान, बिनकपॅसिटरचं. पहिलं प्रामाणिक इंजिन.

काल वायर लावली, १.५ चौ. मिमीच्या बसला (खालून जाणाऱ्या मुख्य वायरला) थेट. नाण्यावर बूस्टर ट्रिप होतो.

रात्रपाळी

अवांतर: टेबलाखाली पाठीवर झोपून वायरी लावणाऱ्यांना प्रदर्शनात कुणी विचारत नाही. लोक डोंगर बघतात. मी स्वतःची समजूत एमआयटीच्या क्लबावरून काढतो. १९४६ पासूनचा आहे. तिथेही वरचे आणि खालचे असे दोन तट होते. वरचे इंजिनं आणि देखावे करायचे, खालच्यांची 'सिग्नल्स अँड पॉवर' समिती टेलिफोनच्या रिले जोडून सांधे फिरवायची. 'हॅक' हा शब्द संगणकवाल्यांनी त्या खालच्यांकडूनच उचलला. तेव्हा माझ्या पाठदुखीला परंपरा आहे.

खडीवाली

वरच्या तटाकडून दंडवत. पण डोंगर नसते तर ती गाडी बघायला आलं असतं कोण? हा माझा शेवटचा प्रतिसाद.

नवाप्रवासी

इंगलनूकची फळी आणली. एन घेतलं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वायर द्यायची हे समजलं. पहिल्याच दिवशी नाणं टाकून बघतो.

रात्रपाळी

आधी वायरी लावा, मग नाणं. उलट करू नका.

मालडबा

शेवटचा वृत्तांत. रविवारी अकरा वाघिणी लावून चौदाही मॉड्यूलं फिरलो. सलग चाळीस फेरे, एकदाही हात लावावा लागला नाही. सहा-सातच्या जोडावर मी सवयीने बोट पुढे केलं होतं, ते तसंच हवेत राहिलं. सांधेवाल्याने स्वतःहून हातातला कंट्रोलर माझ्याकडून मागून घेतला आणि नऊ नंबरवर वीस मिनिटं नुसतं पुढे-मागे करत बसला. परत द्यायला विसरला.

एकेचाळिसाव्या फेऱ्यात पुढचा डावा बफर (धक्का झेलणारा दट्ट्या) पडला. बफर सापडला, त्यातली स्प्रिंग नाही. दीड मिमी व्यासाची आहे. पाच जण टॉर्च घेऊन जमिनीवर होतो. पितळीकाका, असली स्प्रिंग घरी वळता येते का? गिटारची सर्वांत बारीक तार आणि टोचणी आहे माझ्याकडे.

पितळी

येते. ०.२ मिमीची पोलादी तार चालेल, तुमची गिटारची थोडी जाड पडेल. टोचणीवर घट्ट गुंडाळा, सोडली की व्यास वाढतो, म्हणून टोचणी दीडपेक्षा बारीक घ्या. चष्मा लावून वळा, टोक उडतं.

आणि आधी स्वतःच्या पायमोज्यांत बघा. माझी दोनदा तिथेच सापडलीय.

मालडबा

काका... डाव्या मोज्यात.